मातब्बर भागधारक आणि उशिरा नोंदलेले तोटे : आयएल अँड एफएसचे प्रकरण

मार्च 2018 अखेरची आयएल अँड एफएस या, रस्ते-वीज अशा पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या मुंबईच्या कंपनीच्या भागधारकांची यादी पाहिली, तर या कंपनीचे हिशेब देशातल्या सर्वांत सावध हिशेबांपैकी असतील असेच कोणालाही वाटले असते. आयुर्विमा महामंडळाकडे, म्हणजे एलआयसीकडे, 25.34 टक्के भाग होते. जपानच्या ओरिक्स कॉर्पोरेशनकडे 23.54 टक्के, अबू धाबी इन्व्हेस्टमेंट अथॉरिटीकडे 12.56 टक्के, एचडीएफसीकडे 9.02 टक्के, सेंट्रल बँक ऑफ इंडियाकडे 7.67 टक्के आणि स्टेट बँकेकडे 6.42 टक्के भाग होते. याखेरीज कंपनीच्याच कर्मचारी कल्याण न्यासाकडे 12 टक्के होते. कोणतेही प्रवर्तक घराणे नव्हते, काका-पुतण्यांची भांडणे नव्हती, शेअर बाजारात भाव फुगवण्याचा मोहही नव्हता, कारण मूळ कंपनी बाजारात नोंदलेलीच नव्हती. पतमानांकन संस्थांनी तिला सर्वोच्च ‘ट्रिपल ए’ मानांकन दिले होते आणि त्यासाठी दिलेल्या कारणांत ही भागधारकांची यादी ठळकपणे असे.

सप्टेंबर 2018 मध्ये ही कंपनी सिडबीच्या, म्हणजे लघुउद्योगांना कर्ज देणाऱ्या सरकारी वित्तसंस्थेच्या, 1,000 कोटी रुपयांच्या अल्पमुदतीच्या कर्जाची परतफेड करू शकली नाही. काही आठवड्यांतच मानांकन ‘ट्रिपल ए’वरून थेट ‘डी’पर्यंत, म्हणजे देणी थकल्याच्या दर्जापर्यंत, घसरले आणि 1 ऑक्टोबर 2018 रोजी केंद्र सरकारच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने संपूर्ण संचालक मंडळ बरखास्त केले. समूहावर 94 हजार कोटी रुपयांच्या आसपास कर्ज असल्याचे स्पष्ट झाले. कंपनी बुडाली कशी, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मालकीची रचना आणि संचालक मंडळाची घडण यांच्याकडून हिशेबातल्या सावधपणाची जी अपेक्षा अभ्यासक बाळगतात, ती येथे का फोल ठरली, एवढाच प्रश्न या टिपणापुरता घेतला आहे.

सावध हिशेब म्हणजे काय

हिशेबातल्या सावधपणाचे मूळ तत्त्व जुने आणि सोपे आहे. नफा हातात पडल्याशिवाय धरू नये, पण तोटा दिसू लागताच त्याची तरतूद करावी. भारतीय लेखा मानकांपैकी पहिल्याच मानकात, म्हणजे एएस 1 मध्ये, हे तत्त्व स्पष्ट शब्दांत आहे. लेखाशास्त्राचे अभ्यासक सुदीप्त बसू यांनी 1997 साली त्याला मोजण्याजोगे रूप दिले: चांगल्या बातमीपेक्षा वाईट बातमी हिशेबात जितकी लवकर उतरते, तितकी कंपनी सावध. म्हणजे कसोटी तोट्याच्या आकाराची नसून तो नोंदण्याच्या वेळेची आहे, आणि या प्रकरणात ती सतत डोळ्यांसमोर ठेवावी लागते.

त्यानंतरच्या संशोधनाने, विशेषतः अमेरिकी कंपन्यांवरच्या, मालकी आणि संचालक मंडळ यांचा या वेळेशी संबंध लावला. मंडळात कंपनीच्या नोकरीतल्या संचालकांचे प्रमाण जास्त असेल, तर सावधपणा कमी आढळतो. बाहेरच्या संचालकांची स्वतःची आर्थिक गुंतवणूक असेल, तर तो वाढतो. मोठा हिस्सा घेऊन दीर्घकाळ टिकणारे संस्थात्मक गुंतवणूकदार असतील, तर तेही व्यवस्थापनाकडून वाईट बातमी लवकर वदवून घेतात. या शेवटच्या निष्कर्षाच्या चौकटीत एलआयसी आणि ओरिक्स अगदी तंतोतंत बसतात. दोघांचे हिस्से मोठे होते, मुदत दीर्घ होती आणि दोघांचे प्रतिनिधी मंडळात बसत होते.

तोटा कुठे दडून राहतो

आयएल अँड एफएसची स्थापना 1987 साली सेंट्रल बँक, युनिट ट्रस्ट आणि एचडीएफसी यांनी केली. रवी पार्थसारथी यांनी जवळपास तीन दशके तिचे नेतृत्व केले आणि जुलै 2018 मध्ये, म्हणजे कोसळण्याच्या दोनच महिने आधी, प्रकृतीच्या कारणाने ते पायउतार झाले. या काळात रस्ते, बोगदे, वीजनिर्मिती, पाणीपुरवठा अशा कामांसाठी एकामागून एक कंपन्या निघत गेल्या. नव्या मंडळाने मोजदाद केली तेव्हा 302 कंपन्या निघाल्या, त्यांपैकी 169 देशातल्या आणि 133 परदेशातल्या. सत्यम घोटाळ्यात नाव गाजलेली मायटास इन्फ्रा हीसुद्धा पुढे याच समूहात आली आणि आयएल अँड एफएस इंजिनिअरिंग अँड कन्स्ट्रक्शन झाली. एका पडझडीतून उचललेली कंपनी दुसऱ्या पडझडीत सापडावी, हा योगायोग म्हणून सोडून देऊ.

एवढ्या थरांच्या समूहात तोटा नोंदणे टाळण्याच्या वाटा अनेक असतात. त्यांतल्या तीन येथे महत्त्वाच्या आहेत.

पहिली वाट कर्जाच्या नवे-जुन्याची. महाराष्ट्रातल्या विविध कार्यकारी सोसायट्यांचा कारभार जवळून पाहिलेल्याला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही: मार्चअखेर जुने पीककर्ज कागदोपत्री फेडले जाते आणि त्याच दिवशी किंवा चार दिवसांनी तेवढेच, व्याज मिळवून, नवे कर्ज वाटले जाते. समूहाची वित्तपुरवठा करणारी उपकंपनी आयएल अँड एफएस फायनान्शियल सर्व्हिसेस, म्हणजे आयफिन, हिच्यावरचा आरोप याच जातीचा आहे, फक्त आकडे शेकडो कोटींचे आहेत. समजा, आयफिनने एका बाहेरच्या बांधकाम कंपनीला 100 कोटी दिले आणि मुदत संपताना ती फेडू शकत नाही असे दिसले. मग त्या कंपनीच्या बहिणीला, म्हणजे तिच्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीला, 112 कोटींचे नवे कर्ज मंजूर होते, बहीण ती रक्कम मूळ कर्जदाराला देते आणि मूळ कर्जदार मुद्दल व व्याज मिळून 112 कोटी आयफिनला परत करतो. आयफिनच्या वहीत कर्ज वेळेवर फिटले, 12 कोटी व्याजाचे उत्पन्न जमा झाले आणि बहिणीचे नवे खाते पहिल्या दिवसापासून ‘प्रमाणित’, म्हणजे थकबाकी नसलेले, राहिले. अनुत्पादक कर्जासाठी जी मोठी तरतूद करावी लागली असती, तिच्या जागी प्रमाणित कर्जाला लागू असलेली 0.40 टक्के तरतूद पुरली. तोटा झालेला आहे, तो माहीतही आहे, पण हिशेबात त्याऐवजी नफा उमटतो. गंभीर गुन्हे अन्वेषण कार्यालयाने, म्हणजे एसएफआयओने, मे 2019 मध्ये दाखल केलेल्या तक्रारीतला मुख्य भाग हाच होता.

दुसरी वाट गुंतवणुकीच्या मूल्याची. त्या वेळी लागू असलेल्या एएस 13 या मानकानुसार दीर्घकालीन गुंतवणूक खरेदीच्या किमतीला दाखवता येत असे आणि मूल्यातली घट ‘तात्पुरती नाही’ असे व्यवस्थापनाला वाटले, तरच ती वजा करायची असे. मूळ कंपनीची बहुतांश मालमत्ता म्हणजे उपकंपन्यांचे भाग आणि त्यांना दिलेली कर्जे. एखाद्या रस्त्याचे काम भूसंपादनात अडकले, खर्च वाढला, टोलचे उत्पन्न अंदाजाच्या खाली गेले, तरी ही घट तात्पुरती आहे असे म्हणायला वाव राहतो, आणि व्यवस्थापन तसे म्हणत राहिले तर भागधारकाच्या हाती जाणारा मूळ कंपनीचा स्वतंत्र ताळेबंद स्वच्छ दिसतो. उपकंपन्या धरून केलेल्या एकत्रित ताळेबंदात चित्र वेगळे दिसू शकते, पण लाभांश ठरतो स्वतंत्र ताळेबंदावरून. सरकारने मंडळ बरखास्त करताना जी कारणे दिली, त्यांत रोखीची चणचण लपवून लाभांश आणि व्यवस्थापनाचे भरमसाट मोबदले चालू ठेवल्याचे कारण होते, हे येथे लक्षात घ्यावे.

तिसरी वाट आहे सरकारी यंत्रणांकडून येणे असलेल्या दाव्यांची. व्यवस्थापनाचे म्हणणे असे की सुमारे 16 हजार कोटी रुपये विविध प्राधिकरणांकडे दावे आणि करारसमाप्तीची भरपाई या रूपाने अडकले आहेत. यात तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही, कारण पायाभूत क्षेत्रात सरकारकडून पैसे उशिरा मिळतात हे सर्वश्रुत आहे. पण दावा हा दावाच असतो. तो मंजूर होईपर्यंत उत्पन्न म्हणून धरता येत नाही, आणि त्याच्या भरवशावर दुसऱ्या बाजूची बुडीत येणी ‘वसुलीयोग्य’ ठरवणे म्हणजे मागच्या दाराने तेच करणे होय. दिल्ली-नोएडा उड्डाणमार्गाचा करार या मनोवृत्तीचा जुना नमुना आहे. त्या करारात 20 टक्के परतावा गृहीत होता आणि ज्या वर्षी तो मिळणार नाही, त्या वर्षीची तूट प्रकल्पाच्या खर्चात मिळवली जात असे. त्यामुळे वाहने वर्षानुवर्षे टोल भरत राहिली तरी वसूल करायची रक्कम घटण्याऐवजी वाढत गेली. अखेर ऑक्टोबर 2016 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तेथील टोल बंद केला.

मालकांना वाईट बातमी हवी होती का

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. संस्थात्मक मालक सावध हिशेबाची मागणी करतो या विधानामागे एक न बोललेले गृहीतक आहे. तोटा उशिरा कळल्याने त्याचे नुकसान होते आणि लवकर कळल्याने फायदा होतो, असे त्यात धरलेले असते. आयएल अँड एफएसच्या मालकांच्या बाबतीत हे गृहीतक तपासून पाहावे लागते.

एलआयसी, स्टेट बँक आणि सेंट्रल बँक या भागधारक होत्याच, शिवाय समूहाला कर्ज देणाऱ्या किंवा त्याचे रोखे बाळगणाऱ्याही होत्या. एरवी सावध हिशेबाचा आग्रह सर्वांत जास्त धरतो तो धनको, कारण नफ्यात त्याला वाटा नसतो आणि तोट्यात मुद्दल जाते. त्यामुळे मालक आणि धनको एकच असला तर हा आग्रह दुणावेल, असे प्रथमदर्शनी वाटते. प्रत्यक्षात उलटेही घडू शकते. आयफिनने किंवा रस्तेबांधणी करणाऱ्या आयटीएनएलने तोटा मान्य केला असता, तर तो पहिल्याने भागधारकांच्या गुंतवणुकीच्या मूल्यात दिसला असता, मग त्याच भागधारकांच्या कर्जखात्यांत तरतूद म्हणून दिसला असता, आणि 2015 नंतरच्या काळात, जेव्हा रिझर्व्ह बँकेच्या मालमत्ता-गुणवत्ता तपासणीने सरकारी बँकांच्या थकीत कर्जांचे आकडे आधीच वर आणले होते, तेव्हा आणखी एका मोठ्या खात्याची वाईट बातमी कोणाही बँक अधिकाऱ्याला हवी असेल असे मानणे कठीण आहे. एलआयसीच्या बाबतीत तर आणखी एक गोष्ट होती. मोठा मालक म्हणून, कंपनी अडचणीत आली तर पैसे ओतण्याची अपेक्षा तिच्याकडूनच असणार होती. 29 सप्टेंबर 2018 च्या वार्षिक सभेत 4,500 कोटी रुपयांच्या हक्कभाग विक्रीला, म्हणजे असलेल्या भागधारकांनाच नवे भाग देऊन पैसे उभारण्याला, मंजुरी घेण्यात आली, आणि त्या पैशांसाठी सर्वांच्या नजरा प्रामुख्याने एलआयसी आणि ओरिक्सकडेच होत्या.

ओरिक्स आणि अबू धाबीच्या निधीची स्थिती वेगळी होती. पण ज्या कंपनीच्या भागांना बाजारभावच नाही, तिथे दूरच्या मालकाचे दोन्ही हात बांधलेले असतात. नाराज होऊन विकायचे म्हटले तर घेणारा शोधावा लागतो, आणि भाव पडला म्हणून प्रश्न विचारायचा, तर पडायला भावच नसतो.

उरतो 12 टक्क्यांचा कर्मचारी न्यास. हा आकडा एचडीएफसी, सेंट्रल बँक आणि स्टेट बँक यांच्या प्रत्येकी हिश्शापेक्षा मोठा आहे, आणि माझ्या मते या यादीतला सर्वांत दुर्लक्षित घटक हाच आहे. प्रवर्तक नसलेल्या कंपनीत दीर्घकाळ टिकलेले व्यवस्थापनच हळूहळू मालकासारखे वागू लागते, आणि त्याच्या प्रभावाखालचा न्यास चौथ्या क्रमांकाचा भागधारक असला तर या वागण्याला मतांचा आधारही मिळतो. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र ‘व्यावसायिक व्यवस्थापन, संस्थात्मक मालकी’ असे साजरे चित्र दिसत राहते.

मंडळाची मोठी नावे

संचालक मंडळात स्वतंत्र संचालक होते आणि ते सामान्य नव्हते. माजी ज्येष्ठ सनदी अधिकारी होते, उद्योगजगतात नाव असलेले लोक होते, भागधारक संस्थांचे नामनिर्देशित संचालक होते. कंपनी कायदा 2013 मध्ये स्वतंत्र संचालकांची जी संख्या आणि ज्या समित्या सांगितल्या आहेत, त्या कागदावर होत्या. मात्र जोखीम व्यवस्थापन समितीची बैठक 2015 ते 2018 या काळात एकदाच झाल्याचे नंतर उघड झाले. एवढे कर्ज, एवढे थर, दीर्घ मुदतीच्या मालमत्ता आणि त्यांच्यामागे अल्पमुदतीचे पैसे अशी रचना असलेल्या समूहात मुदतींचा मेळ बसतो का, हे पाहण्याचे काम याच समितीचे होते.

समिती बसत नव्हती याचा हिशेबाशी थेट संबंध असा की तोट्याची तरतूद लेखापाल एकट्याने ठरवत नाही. कोणते कर्ज अडचणीत आहे, कोणत्या प्रकल्पाचे उत्पन्न अंदाजाखाली गेले आहे, ही माहिती आधी जोखीम विभागाकडे येते, तिथून जोखीम समितीकडे, तिथून लेखापरीक्षण समितीकडे आणि मग ताळेबंदात जाते. मधली कडी निसटली की लेखापरीक्षण समितीपुढे येते ते फक्त व्यवस्थापनाने तयार केलेले कोष्टक. बाहेरून आलेल्या, वर्षातून काही दिवस देणाऱ्या संचालकाला 300 कंपन्यांच्या समूहातल्या एका कर्जाच्या बहिणीचे खाते कुठून दिसणार? नामनिर्देशित संचालकाची तर दुहेरी अडचण. त्याला माहिती व्यवस्थापनाकडून मिळते आणि निष्ठा नेमणाऱ्या संस्थेकडे असते. नेमणाऱ्या संस्थेलाच गोष्ट चव्हाट्यावर नको असेल, तर त्याने कोणासाठी प्रश्न विचारायचा?

रिझर्व्ह बँकेने मात्र प्रश्न विचारला होता, आणि तो सावधपणाचाच होता. बिगरबँक वित्तीय कंपनीच्या स्वतःच्या निधीची मोजणी करताना समूहातल्या कंपन्यांना दिलेली कर्जे आणि त्यांतली गुंतवणूक ठरावीक मर्यादेपलीकडे वजा करावी लागते. आयफिनने ‘समूहातली कंपनी’ कोणती याचा असा अर्थ लावला की वजाबाकी कमी व्हावी. रिझर्व्ह बँकेच्या तपासणीने तो अर्थ मान्य केला नाही. राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणाने डिसेंबर 2019 मध्ये आयफिनच्या 2017-18 च्या लेखापरीक्षणाचा आढावा घेताना म्हटले की योग्य मोजणी केली तर हा निधी आणि भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या तुलनेत भांडवलाचे प्रमाण) दोन्ही उणे येतात. नियामकाचे असे पत्र आल्यावर त्याचा ताळेबंदावर काय परिणाम होतो हे विचारणे हे लेखापरीक्षण समितीचे काम. त्या समितीत बसलेल्यांना व्यवस्थापनाने काय सांगितले आणि त्यांनी काय स्वीकारले, हाच पुढे एसएफआयओच्या तपासाचा एक धागा झाला. आयफिनच्या लेखापरीक्षकांवर सरकारने सुरू केलेली कारवाई न्यायालयात बराच काळ अडकली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2020 मध्ये ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये तो निर्णय फिरवून, राजीनामा दिला म्हणून लेखापरीक्षकाची सुटका होत नाही, असे स्पष्ट केले.

नवे मंडळ आणि 22 हजार कोटी

ऑक्टोबर 2018 मध्ये उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली सहा जणांचे मंडळ नेमले गेले. त्यात विनीत नय्यर होते, ज्यांनी पुण्याच्या टेक महिंद्रामार्फत सत्यमच्या पुनरुज्जीवनाचे काम पाहिले होते. नव्या मंडळाने कंपन्यांची हिरव्या, पिवळ्या आणि लाल गटांत विभागणी केली: सर्व देणी वेळेवर देऊ शकणाऱ्या, फक्त चालू खर्च आणि तारणाची ज्येष्ठ (परतफेडीत पहिला हक्क असलेली) कर्जे भागवू शकणाऱ्या, आणि तेवढेही न जमणाऱ्या. मग मूळ कंपनीने 2018-19 या एकाच वर्षात 22 हजार कोटींहून अधिक तोटा दाखवला. आदल्या वर्षी तीच कंपनी नफ्यात होती.

या आकड्याकडे पाहून नवे मंडळ अखेर सावध झाले असे म्हणणे सोपे आहे, पण तेवढे पुरेसे नाही. नव्याने आलेल्या व्यवस्थापनाला सर्व तोटे पहिल्याच वर्षी, आधीच्यांच्या नावावर टाकून मोकळे होण्यात हित असते. मालमत्तेचे मूल्य आज जितके खाली दाखवाल तितकी पुढची वसुली उजळ दिसते. या मंडळाला जुनी नाती नव्हती, समूहात कर्ज अडकलेले नव्हते आणि बातमी आधीच फुटलेली असल्याने ती लपवण्यात काहीच लाभ नव्हता. म्हणजे मोठा तोटा नोंदण्यामागेही प्रोत्साहनाचा भाग होता. जुन्या मंडळात नेमका हाच भाग उलट दिशेने होता. स्वतंत्र संचालकांची संख्या तेव्हाही कमी नव्हती; मात्र माहिती ज्यांच्या हाती होती त्यांना ती लवकर सांगण्यात हित नव्हते, आणि ज्यांना हित असायला हवे होते त्यांच्या हाती माहिती नव्हती.

त्यानंतर नियमांत बदल झाले. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्ये 5,000 कोटींहून अधिक मालमत्तेच्या बिगरबँक कंपन्यांना स्वतंत्र मुख्य जोखीम अधिकारी नेमणे सक्तीचे केले. 2020 मध्ये गुंतवणूक कंपन्यांच्या समूहातील थरांवर मर्यादा आणि समूह पातळीवर जोखीम समिती आली. नव्या लेखा मानकांखाली थकबाकी होण्याची वाट न पाहता अपेक्षित तोट्याची तरतूद करावी लागते. यांतला शेवटचा बदल मला सर्वांत उपयोगी वाटतो, पण तोही अंदाजावर चालतो आणि अंदाज कोण करतो हा प्रश्न जागच्या जागीच राहतो. मालकच धनको असला तर त्याच्या प्रतिनिधीने कोणत्या टोपीत बोलावे, याचे उत्तर यांपैकी एकाही नियमात नाही.

22 हजार कोटींचा तोटा 2018-19 चा नव्हता, हे उघड आहे. तो कोणत्या वर्षाचा होता, हे ठरवण्यासाठी सरकारने कंपनी कायद्याच्या कलम 130 खाली मागील पाच वर्षांचे हिशेब पुन्हा उघडून नव्याने मांडण्याची परवानगी मागितली. न्यायाधिकरणाने जानेवारी 2019 मध्ये मूळ कंपनी, आयफिन आणि आयटीएनएल या तिघांसाठी ती दिली. माजी उपाध्यक्ष हरी शंकरन यांनी घेतलेली हरकत सर्वोच्च न्यायालयाने 4 जून 2019 रोजी फेटाळली. तोटा वर्षावार विभागला गेला की त्या-त्या वर्षी वाटलेला लाभांश, दिलेले मोबदले आणि ताळेबंदावर सही करणाऱ्यांची नावे त्याच्या शेजारी मांडता येतात, आणि मग त्या बैठकीला कोणत्या भागधारक संस्थेचा प्रतिनिधी हजर होता हेही इतिवृत्तातून वाचता येते.